बेरीज तीच

माझे ऱ्हस्व-दीर्घ कधी जागेवर बसले नाहीत, आणि अक्षर कोंबडीने माती उकरावी तसं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागितल्याशिवाय माझा हात कागदावर चालत नाही, तशी सवयच लागली आहे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीसाठी गिरणा ओलांडून भडगावला जावं लागे, आणि मुलींना नदीपलीकडे कोणी जाऊ देत नसे. तेव्हा जे अक्षर हाताला लागलं तेच आजही आहे, लहान पोरीचं. मी पन्नाशीला आले, ते नऊ वर्षांचंच राहिलं.

आज ऑफिसातल्या कूलरचं जुनं गवत काढून नवं भरलं. पाणी सोडलं तसा ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला आणि मला मागचा उन्हाळा आठवला. नको असताना आठवला. वासाला दार लावता येत नाही.

जळगावचं वैशाखातलं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. अकरा वाजता रस्ता रिकामा होतो. डांबर चपलेला धरून ठेवतं. मेहरूणच्या तलावावरून वारा येतो तोही चुलीपुढून उठून आल्यासारखा. केळीच्या गाड्या ओलं गोणपाट पांघरून जातात, आणि त्यांच्या मागे रस्त्यावर पाण्याची रेघ पडते ती बघता बघता पुसली जाते. अशा उन्हाला आम्ही बायका शिव्या देत नाही, कारण बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, त्यातच वाळतात. गच्चीगच्चीवर खाटा, खाटांवर ओली धोतरं, धोतरांवर गोल गोल बिबडे. पूर्ण गल्लीला आंबलेल्या ज्वारीचा आणि लाल मिरचीचा वास. मी सकाळी सहाला शेजारणीच्या गच्चीवर बिबडे थापायला जायची आणि नऊला ऑफिसात.

ऑफिस म्हणजे नळ्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सहा माणसं, सहा कम्प्युटर. झाडलोट, पाणी, चहा हे माझं काम. मालकांना सगळे सर म्हणतात, मी साहेब म्हणते. गेल्या चैत्रात साहेबांनी मला बोलावलं.

"रमाबाई, एबीसीडी येते का?"

"अक्षरं ओळखू येतात. वाचता नाही येत."

"ओळखू आली तरी पुरे. पोरं हे काम करून वैतागतात. तुम्ही चहा झाला की बसूनच असता. महिन्याला दोन हजार जास्त देईन."

मी पदर ओढून मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, हो म्हणायला लागत नाही. माझ्या आयुष्यातले बहुतेक होकार असेच झाले आहेत.

काम मला मयुरीताईने समजावलं. ती धुळ्याची, मेहरूणला खोली घेऊन राहायची, शनिवारी दुपारी एसटीने घरी जायची. वयाने माझ्या लेकीएवढी, पण मी तिला ताईच म्हणायची, आणि ती मला अक्का. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती एक यंत्र बनवत होती. यंत्र म्हणजे लोखंडाचं नाही, कम्प्युटरच्या आतलं. मोठा प्रोग्राम शेकडो फाईलींचा असतो, त्या सगळ्या जोडून एक वस्तू तयार होते, त्याला ते बिल्ड म्हणतात. एका फाईलीत काही बदललं की सगळं पहिल्यापासून बनवायला वेळ जातो. म्हणून हे यंत्र बघतं की काय बदललं, त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे, आणि तेवढंच पुन्हा बनवतं.

"कळलं का अक्का?"

"बिबड्यासारखं," मी म्हटलं.

ती हसली नाही, थांबली. मग मी हळूहळू सांगितलं. ज्वारी तीन दिवस भिजते, मग दळण, मग घाटा शिजतो, मग थापणं, मग वाळवणं. घाट्यात मीठ कमी पडलं तर घाटा पुन्हा आणि थापणं पुन्हा, पण ज्वारी पुन्हा भिजवायची नाही. ज्वारीच किडकी निघाली तर सगळंच पुन्हा. आणि खाट नुसती या गच्चीवरून त्या गच्चीवर नेली तर काहीच पुन्हा नाही.

"अक्का, हे मी पुण्याच्या लोकांना असंच सांगणार," ती म्हणाली. त्या दिवशी कोणी तरी माझं बोलणं पूर्ण ऐकलं होतं, आणि मी त्याला भुलले.

चाकाच्या खुर्चीवर बसायची मला भीती वाटायची. ती मागे सरकायची, आणि एकदा पदर चाकात अडकून डोक्यावरून ओढला गेला तेव्हा सगळे हसले. मी खुर्चीच्या काठावर बसायची, पाय जमिनीला घट्ट लावून. माऊस हाताच्या घामाने ओला व्हायचा, तो मी लुगड्याला पुसायची. समोर मराठीत लिहिलेला कागद असायचा. फाईल उघडा. काहीही न बदलता सेव्ह करा. हिरवं बटण दाबा. खाली जो आकडा दिसेल तो लिहा. आकडा म्हणजे किती फाईली पुन्हा बनल्या. कागदावर शेजारी मयुरीताईने बरोबर आकडा आधीच लिहिलेला असे. माझा आकडा तोच आला की मी खूण करायची.

पूर्वीची यंत्रं फाईल कधी सेव्ह केली ती वेळ बघायची. नुसती उघडून बंद केली तरी धावपळ करायची. हे नवं वेळ बघत नव्हतं, मजकूर बघत होतं. मजकुरातल्या प्रत्येक अक्षराला एक आकडा, सगळ्या आकड्यांचा हिशोब करून एक मोठा आकडा. त्याला चेकसम म्हणतात. मयुरीताई म्हणाली, "तो फाईलीचा अंगठा समजा. अंगठा तोच तर फाईल तीच."

मला ते यंत्र आवडलं. माणसं वेळ बघतात. कोण किती वाजता उठलं, किती वाजता घरी आलं, एवढा वेळ कुठे होती. आत काय आहे ते बघायला कोणी येत नाही. हे बघत होतं. कागदावर एक ओळ अशी होती की एक शब्द बदला, सेव्ह करा, मग पुन्हा होता तसा करा आणि बटण दाबा. आकडा शून्य. चूक करून माघारी आलेल्याला ते काहीच विचारत नव्हतं. आमच्या घरात असं कधी झालं नाही.

आणखी एक ओळ होती, ती मला अजून आठवते. एका फाईलीत अशी टीप घालायची की जी फक्त वाचणाऱ्यासाठी असते, कामाला लागत नाही. मग ती फाईल पुन्हा बनते, पण बनून पहिल्यासारखीच निघते, म्हणून तिच्या पुढच्या चौदा फाईलींना हात लागत नाही. आकडा एक. मी बराच वेळ त्या एकाकडे बघत बसले. माझी आई मला दिसली. वडील रागाने घरात यायचे, आई मध्ये उभी राहायची, जे व्हायचं ते तिच्यावर व्हायचं, आणि ती पाणी मारून तोंड पुसून होती तशीच बाहेर यायची. आम्हा पाच जणांपर्यंत काही पोचायचं नाही. मधल्या एकाने झेललं आणि तसंच राहिलं तर पुढच्यांना कळतही नाही.

ऑफिसातली पोरं चहा मागताना म्हणायची, "अक्का, आज चहाचं चेकसम चुकलं, साखर कमी आहे." हर्षल नावाचा पोरगा सगळ्यात पुढे. अमळनेरचा, तोंडाने तिखट. "अक्का आता आपल्या सिनियर. उद्या आपल्यालाच झाडू मारायला लावतील." मी हसायची. मला खरंच हसू यायचं, कारण त्या दोन महिन्यांत मला पहिल्यांदाच वाटत होतं की मी त्या खोलीत आहे.

सवय अशी लागली की जे दिसेल त्याची बेरीज करायची. क एक, ख दोन, ग तीन, असे आकडे मी पाठ करून टाकले. म पंचवीस, र सत्तावीस. कान्याला पन्नास दिले, कारण तो उंच उभा असतो. दुकानांच्या पाट्या, एसटीवरचं गावाचं नाव, डाळीच्या पोत्यावरचा शिक्का. माझं नाव रमा, एकशे दोन. मी ते मयुरीताईला सांगितलं तर तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

वैशाख संपत आला तेव्हा शेवटचा कागद आला. संध्याकाळपर्यंत पुण्याला पाठवायचा होता. त्यात सतरावी ओळ अशी होती: दोन ओळींची अदलाबदल करा, वरची खाली, खालची वर. बटण दाबा. बरोबर आकडा एक.

मला शून्य आलं.

मी पुन्हा केलं. शून्य. मयुरीताई उठून आली. "सेव्ह नाही केलं तुम्ही." मी तिच्यासमोर केलं, सेव्ह केलं, बटण दाबलं. शून्य. ती पडद्याकडे बघत राहिली. कूलरचं पाणी ठिबकत होतं. तिच्या मानेवर घामाचा थेंब होता, तो खाली उतरताना मी बघितला. मग ती म्हणाली, "हे मी बघून घेते. तुम्ही एक लिहा."

"पण शून्य आलंय ताई."

"अक्का, तुम्हाला त्यातलं काय कळतं? लिहा म्हटलं ना. सर थांबलेत."

मी एक लिहिला आणि खूण केली. माझ्या हाताने. कोणी हात धरला नव्हता.

आषाढात बातमी आली. पुण्याच्या कंपनीत कोणीतरी दुकानांच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी वरखाली केल्या होत्या. आधी सूट, मग कर, असं करायचं होतं. यंत्र म्हणालं काही बदललं नाही, आणि जुनंच पुढे गेलं. दोन दिवस सगळीकडे चुकीची बिलं फाटली. त्यांनी साहेबांचे बरेच पैसे कापले. साहेबांनी सगळे कागद टेबलावर मागवले आणि आम्हा सगळ्यांना उभं केलं. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले होते, ट्रे हातातच राहिला.

"सतरावी ओळ," साहेब म्हणाले. "एक लिहिलंय, खूण केलीय. हे अक्षर कोणाचं?"

हर्षल म्हणाला, "एकाला टोपी घालून पाय वाकवणारं एकच माणूस आहे आपल्याकडे."

हसले सगळे. मी मयुरीताईकडे बघितलं. ती कानातल्या वायरीचा गुंता सोडवत होती. फार मन लावून सोडवत होती.

"बोला ना बाई. तोंड आहे की नाही?"

"माझंच आहे," मी म्हटलं.

"मग झालं." साहेबांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. "चूक माझीच. चौथी शिकलेल्या बाईला बसवलं. या कामाचे चार हजार घेतलेत तुम्ही. ते परत करायचे. पाचशे-पाचशे करून पगारातून कापू, एकदम नाही कापत, तुमचा विचार करतोय."

दुसऱ्या दिवसापासून चाकाच्या खुर्चीवर पुठ्ठ्याची खोकी ठेवली. मी फरशी पुसताना ती खुर्ची उचलून बाजूला करायची आणि पुन्हा होती तिथे ठेवायची.

घरी सांगितलं तर यांनी ताटावरून मान वर केली नाही. हे डाळमिलमध्ये आहेत, भुवया पांढऱ्या करून घरी येतात. "तुनं शे ना अक्षर? मग भर," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुले काय समजस त्यामा." मयुरीताईचेच शब्द, फक्त आमच्या बोलीत.

पाचशे रुपयांचं मला इतकं नव्हतं. जे डाचत होतं ते वेगळं. माझ्या डोळ्यांनी शून्य बघितलं होतं, आणि जगात माझ्या हातचा एक तेवढा राहिला होता. कोणाला तरी हे माहीत असावं, एवढंच मला पाहिजे होतं. आणि ज्या एकीला माहीत होतं ती रोज माझ्या हातून चहा घेत होती, "थँक्यू अक्का" म्हणून.

श्रावणातला रविवार. बाजारात कणसं आली होती. मी यांच्यासाठी यादी लिहित होते, कारण सांगितलेलं हे विसरतात. मका, असं लिहिलं. सवयीने बेरीज केली. म पंचवीस, क एक, काना पन्नास. शहात्तर. त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची आठवण म्हणून लिहिलं, काम. क एक, काना पन्नास, म पंचवीस. शहात्तर.

मला वाटलं चुकले. बोटांवर पुन्हा केली. शहात्तर.

मग माझं नाव लिहिलं. रमा, एकशे दोन. तीच अक्षरं फिरवली. राम, एकशे दोन. मार, एकशे दोन. राग लिहिलं आणि गार लिहिलं. मान लिहिलं आणि नाम लिहिलं. कणसं आणायचा कागद भरला. बेरजेला क्रम कळत नाही. कोण आधी, कोण मागून, कोण वर, कोण खाली, तिला सगळं सारखंच. वरची ओळ खाली नेली, खालची वर नेली, अक्षरं तीच, म्हणून बेरीज तीच, म्हणून अंगठा तोच, म्हणून यंत्र म्हणालं काही बदललं नाही. मी बटण बरोबर दाबलं होतं. सेव्ह केलं होतं. शून्यच खरं होतं.

मी उठून पाणी प्यायले. कोणाला सांगू असं झालं होतं आणि सांगायला कोणी नव्हतं. हे आले तेव्हा म्हणाले, "यादी कोठे शे?" मी नवीन कागदावर लिहून दिली.

सोमवारी तो कागद मी मयुरीताईच्या टेबलावर ठेवला. ती वाचत गेली तसं तिचं तोंड पांढरं पडत गेलं. मला समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "खरं चेकसम आपल्या कम्प्युटरवर फार हळू चालायचं. मी तात्पुरती साधी बेरीज टाकली होती. बदलायची राहून गेली." आणि मग, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी शून्य आलं तेव्हा मला शंका आली होती, अक्का."

मला वाटलं आता ती उठून साहेबांच्या खोलीत जाईल. ती गेली. मी दाराबाहेर फडकं घेऊन थांबले. आत बराच वेळ बोलणं झालं. मग साहेब हसत बाहेर आले आणि सगळ्यांना म्हणाले, "आपल्या मयुरीने दोष शोधला आणि दुरुस्तही केला. पुण्याचे लोक खूश होतील. पेढे आणा."

पेढे मी आणले. डबा मीच फिरवला. हर्षलने दोन घेतले. मयुरीताईपुढे डबा धरला तेव्हा तिने एक उचलला आणि हातातच धरून ठेवला. मुठीत त्याचा लगदा झाला, मग तिने तो कागदात गुंडाळून टोपलीत टाकला. टोपली संध्याकाळी मीच रिकामी केली.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, आता पाचशे कापणार नाही ना?"

"का बरं?"

"दोष यंत्राचा होता ना."

"दोष कोणाचा तो वेगळा प्रश्न, रमाबाई. तुम्हाला शून्य दिसलं होतं ना? आणि लिहिलं काय?"

"एक."

"बघा," साहेब म्हणाले आणि फोन उचलला.

त्यात खोटं काही नव्हतं. तेच तर वाईट होतं.

मयुरीताई चहाच्या ओट्याशी आली. रडली. तिचं लग्न ठरत होतं, मुलगा नाशिकला मोठ्या कंपनीत होता, त्यानेच तिलाही तिथे लावायचं कबूल केलं होतं. "इथून वाईट नाव घेऊन गेले तर सगळंच बिघडेल अक्का. तुमचे पैसे मी देते. ते कापतील त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचशे मी तुमच्या हातात ठेवेन. तुमचं नुकसान एक रुपयाचं होणार नाही."

मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला. माझ्या मनात त्या वेळी दया नव्हती, हे खरं लिहिते. मला शोधावी लागली असती आणि मी शोधली नाही.

"देत जा," मी म्हटलं. "पण प्रत्येक वेळी माझ्या वहीत लिहून द्यायचं."

"काय लिहू?"

"सतराव्या ओळीत शून्य आलं होतं. एक मी लिहायला लावला. खाली नाव."

"अक्का, पैसे देतेय ना मी."

"पैसे द्या आणि लिहा."

अशी ती वही सुरू झाली. दुरेघी, शाळेतली असते तशी. महिन्याच्या एक तारखेला साहेब कापायचे, दोन तारखेला ती ओट्याशी यायची. नोट ठेवायची, पेन घ्यायची, वाकून लिहायची. घरात पगार होता तेवढाच पोचत होता, म्हणून यांनी पुढे कधी विषय काढला नाही. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं.

पहिल्या महिन्यात तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. शिकलेल्या मुलीचं, एका रेघेत. भाद्रपदात तिने घाईत लिहिलं, मी म्हटलं, "नीट लिहा, मला वाचता येत नाही." तिने खोडून पुन्हा लिहिलं. दिवाळीच्या महिन्यात ती म्हणाली की यावेळी नुसती सही करते. मी नोट परत तिच्यापुढे सरकवली. बाहेर हर्षल चहासाठी ओरडत होता. तिने पूर्ण लिहिलं. मी चहा गाळेपर्यंत तिला उभं ठेवायची, मुद्दाम. साखर आहे की नाही ते तिलाच बघायला लावायची. जिने मला अक्षर दाखवून बटण दाबायला शिकवलं, तिला मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावत होते, जसं आमच्या शाळेत गुरुजी चुकलेल्या पोराला लावायचे. तेव्हा मी त्या पोरांच्या बाजूची होते.

कधी कधी फरशी पुसताना वाटतं, की आईसारखं मलाही मध्ये उभं राहून झेलता आलं असतं. झेललं, तोंड पुसलं, होते तशी बाहेर आले. पुढे कोणापर्यंत काही पोचलं नसतं. पण मी होते तशी बाहेर आले नाही. मी बदलून निघाले, आणि ते पुढे गेलं.

माघात तिचं लग्न झालं, धुळ्याला. तोवर सात नोटा झाल्या होत्या. आठवा हप्ता साहेबांनी त्याच आठवड्यात कापला होता. सगळं ऑफिस जीपने निघालं, मलाही घेतलं, मुलांना वाटलं अक्काला लाडू खायला मिळतील. पारोळ्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, धूळ आत येत होती, सगळे गाणी म्हणत होते. माझी पिशवी मी मांडीवर धरली होती.

देवपूरच्या एका मंगल कार्यालयात नवरीची खोली होती. हळद, मोगरा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास. मयुरीताईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी. तिच्या आईने मला बघून जागा करून दिली. "या कोण वं?"

"ऑफिसच्या अक्का," मयुरीताई म्हणाली. "आई, जरा बाहेर थांबतेस का? आम्हाला बोलायचंय."

आई हसली. "समद्या पोरी मनातल्या गोष्टी अक्कालेच सांगतस वाटतं. बोला, बोला." आणि दार ओढून गेली.

लग्नात पाकिटं नवरीला देतात. तिने उशीखालून पाकीट काढून मला दिलं. आत पाचशेची नोट. "शेवटची," ती म्हणाली.

मी पिशवीतून वही काढली.

"आजसुद्धा?"

"आजसुद्धा."

मेंदी फिसकटू नये म्हणून तिने पेन दोन बोटांच्या टोकांत धरलं. अक्षरं वाकडी आली, मोठी, रेघ सोडून चाललेली. बाहेर बँडवाले सनई जुळवत होते. नाव लिहिताना तिने वर बघितलं. डोळ्यांतलं काजळ ओलं झालं होतं.

"अक्का, आता ही पानं फाडून द्या. मी तिकडे जातेय, माझ्या मागे हे राहायला नको."

मी वही पिशवीत ठेवली. "काजळ पुसा," मी म्हटलं. "आई येतील."

बाहेर पहिली पंगत बसली होती. मी हर्षलच्या शेजारी बसले, दोनदा वरण-बट्टी घेतली, एकदा लाडू. अक्षता पडल्या तेव्हा मीही टाकल्या. जीपमध्ये सगळे झोपले. पारोळ्याजवळ मी पिशवीत हात घालून पाकीट चाचपलं. चार हजार पूर्ण फिटले होते.